कुठली पायरी?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, मी एका वाचनालयाचं डिझाइन मांडत होते. मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारं अंगण आणि त्याभोवती वाचायच्या खोल्या. पहिल्याच शीटवर अहमदाबादजवळच्या अडालजच्या वावेचा, मी स्वतः काढलेला फोटो मोठा करून लावला होता. गुजरातीत वाव म्हणजे आपली बारव, पायऱ्यांची विहीर. कल्पना तिथून सुचली, हे मी अगदी उत्साहानं सांगत होते. ज्यूरीला आलेल्या वयस्कर आर्किटेक्टांनी फोटो जवळून बघितला आणि विचारलं, "तुम्ही स्वतः गेला होतात तिथे?"

"हो सर."

"तिथली पायरी किती उंच आहे?"

मी म्हटलं, "सहा इंच." जिन्याची पायरी सहा इंचांची, हे आम्हाला पहिल्या वर्षातच पाठ झालेलं असतं.

"मोजली होतीत?"

"नाही सर."

ते पुढच्या शीटकडे वळले. रागावले नाहीत, टोचून बोलले नाहीत. मार्कही बरे पडले. पण त्या रात्री मी अडालज आठवायचा प्रयत्न केला तेव्हा जे डोळ्यांपुढे आलं ते सगळं माझ्याच फोटोंमधलं होतं. फोटोच्या चौकटीबाहेर डावीकडे काय होतं, खाली उतरताना हात कशाला लागला होता, कुठे थांबावंसं वाटलं होतं, यातलं काही म्हणता काही आठवेना.

ती भेट कॉलेजच्या अभ्यास दौऱ्यातली होती. पाच दिवसांत चौदा इमारती. बस थांबायची, आम्ही उतरायचो, पाऊण तासात पुन्हा बसमध्ये. अशा दौऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. एवढ्या मुलांना एकत्र घेऊन जायचं तर दुसरा मार्ग फारसा नसतो, आणि कुठे परत यायला हवं हे तरी त्यातून कळतं. पण परत यावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत आम्ही चौघं इतिहास शिकवणाऱ्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, आठ दिवस एकाच ठिकाणी राहायची तयारी असेल तर मी येतो. आम्ही अडालज निवडलं. वाव संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे मोजणीसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर आधी अर्ज केला. सामान थोडंच होतं: तीस मीटरची टेप, दोन पाच मीटरच्या टेप, ओळंबा, सुतळीचे गुंडे, पाण्याची पारदर्शक नळी, ग्राफ पेपरच्या वह्या आणि पेन्सिली.

पहिल्या दिवशी सरांनी यातलं काहीच बाहेर काढू दिलं नाही. कॅमेराही नाही. दिवसभर फक्त उतरायचं, चढायचं, बसायचं. रात्री खोलीवर आल्यावर त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि आठवणीतून प्लॅन काढायला सांगितला. चौघांचे चार वेगळे प्लॅन आले. माझ्या प्लॅनमध्ये वरून खाली येणारा जिना एकच होता. खरं तर दक्षिणेच्या अंगाला तीन बाजूंनी तीन जिने उतरतात आणि पहिल्या टप्प्यावरच्या चबुतऱ्यावर एकत्र येतात. मी ज्या जिन्यानं उतरले तेवढाच माझ्या डोक्यात शिल्लक होता, आणि ही माझी तिथली दुसरी खेप होती.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. चबुतऱ्याच्या फरशीवरचा एक बिंदू आम्ही शून्य मानला. तिथून उत्तरेकडे, विहिरीच्या दिशेनं, सुतळी ताणून बांधली. हा आमचा अक्ष. प्रत्येक खांब या सुतळीपासून किती डावीकडे, किती उजवीकडे, हे काटकोनात मोजायचं. काटकोन तीन-चार-पाचच्या त्रिकोणानं काढायचा, गवंडी पाया आखताना काढतात तसाच. एकानं टेपचं शून्य धरायचं, दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं म्हणायचा, तिसऱ्यानं तो पुन्हा म्हणून लिहायचा. हे पुन्हा म्हणणं आम्हाला आधी पोरकट वाटलं. दुपारपर्यंत दोन आकडे त्यामुळेच वाचले.

त्या दिवशी एक मोठी चूक झाली आणि आजही मोजणी करताना ती मला आठवते. खांबांमधलं अंतर आम्ही एकेक सुटं मोजलं आणि बेरीज केली. दुसऱ्या दिवशी तीच पूर्ण लांबी लांब टेप ताणून एका दमात मोजली, तर दोन्ही आकड्यांत वीतभर तफावत. कुठल्याही एका मापात मोठी चूक नव्हती. प्रत्येक वेळी टेप नव्यानं लावताना अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे झालं होतं आणि ते सगळं एकाच बाजूला साचत गेलं होतं. सर म्हणाले, शून्य हलवायचंच नाही. टेपचं टोक एका जागी ठेवायचं आणि खांब येत जातील तसे आकडे चढत्या क्रमानं वाचत जायचं. याला रनिंग मेजरमेंट म्हणतात हे आम्हाला परीक्षेपुरतं माहीत होतं. त्याचं कारण मात्र त्या वीतभर तफावतीनं शिकवलं. सगळी मापं आम्ही पहिल्यापासून पुन्हा घेतली.

चबुतऱ्याच्या वर आकाशाकडे उघडी अशी अष्टकोनी मोकळीक आहे. तिची मापं घेऊन रात्री कागदावर काढायला बसलो तर आकृती बंदच होईना. आठव्या बाजूचं टोक पहिलीला येऊन मिळेना. आम्ही फक्त बाजू मोजल्या होत्या आणि कोन सगळे सारखेच असणार असं गृहीत धरलं होतं. त्यातून दोन बाजू कोरीव पट्टीच्या बाहेरून मोजल्या होत्या, बाकीच्या आतून. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्ण मोजले, एका कोपऱ्यापासून समोरच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत, आणि रात्री आकृती बंद झाली. कर्ण हा साक्षीदार असतो, असं सर म्हणायचे. पुढे नोकरीत पहिल्यांदा प्लॉट मोजायला गेले तेव्हा चार बाजू झाल्यावर मी आपोआप कर्णाकडे वळले.

उंचीचं काम सगळ्यात अवघड गेलं. वाव पाच मजले खाली जाते. वरच्या कठड्यावरून ओळंबा सोडला तर तो झुलत राहायचा. मग खाली बादलीत पाणी घेऊन ओळंब्याचं वजन त्यात बुडवलं, तेव्हा तो स्थिर झाला. एका टप्प्याची पातळी दुसऱ्या टप्प्यावर न्यायला पाण्याची नळी. दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीला येतं, म्हणून एका खांबावर खडूनं केलेली खूण तीस फूट लांबच्या खांबावर तंतोतंत नेता येते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की सगळं खोटं. तो शोधायला आणि काढायला आमची एक अख्खी सकाळ गेली.

आणि पायऱ्या. मी अर्थातच पायरीच्या उंचीसाठी टपून बसले होते. पहिली मोजली, लिहिली. दुसरी वेगळी आली. तिसरी आणखी वेगळी. हातानं घडवलेला दगड, त्यावर शतकांची वर्दळ. लगतच्या दोन पायऱ्यांत बोटभर फरक सहज पडायचा, आणि एकाच पायरीच्या दोन टोकांतही फरक होता. एका पायरीच्या उंचीला पायऱ्यांच्या संख्येनं गुणून खोली काढायचा माझा बेत तिथेच संपला. प्रत्येक पायरी स्वतंत्र मोजावी लागली. ज्यूरीतल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. त्यांना उलट विचारायला हवं होतं, "सर, कुठली पायरी?" मोजली असती तरच हे विचारता आलं असतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते त्या आठ दिवसांतली तीच सगळ्यात मोलाची. जिन्याच्या वाटेवर ठरावीक अंतरानं खांब आणि तुळयांच्या चौकटी उभ्या आहेत. जसजसं खाली जावं तसतसे त्यांवर मजले चढत जातात. फोटोत त्या फार देखण्या दिसतात, एकामागून एक दारं उघडत गेल्यासारख्या. मी त्यांना शोभा समजले होते. त्या दिवशी तुळईची लांबी मोजताना टेपचं एक टोक पूर्वेच्या भिंतीला टेकलं, दुसरं पश्चिमेच्या भिंतीला, आणि मी विचारलं, "सर, ही तुळई दोन्ही भिंतींत घुसलीय का?" ते फक्त म्हणाले, "भिंतीच्या मागे काय आहे?"

मागे माती होती. दोन्ही बाजूंची माती भिंतींना आत ढकलत असते आणि या तुळया मधे उभ्या राहून भिंतींना एकमेकींपासून लांब धरून ठेवतात. खोल खणलेल्या चरात मजूर लाकडाचे आडवे ठोकळे मारतात, तेच काम. जितकं खोल जावं तितका मातीचा रेटा जास्त, म्हणून खाली चौकटींचे मजलेही जास्त. कोरीवकाम त्या ठोकळ्यांवर आहे. वाघेला राणा वीरसिंहाच्या काळात सुरू झालेलं आणि राणी रूडाबाईनं गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या राजवटीत पुरं केलेलं हे काम. तिथल्या संस्कृत शिलालेखात विक्रम संवत १५५५ आहे, म्हणजे इसवी सन १४९९. पाचशे वर्षं माती रेटतेय आणि तुळया तोलतायत. हे मला पुस्तकात वाचूनही कळलं असतं, हे खरं. पण टेपची दोन टोकं दोन भिंतींना टेकलेली असताना जे कळलं ते मी आजवर विसरले नाही, आणि पुस्तकात वाचलेलं बरंच विसरले आहे.

रोज दुपारी बाराच्या सुमारास आम्ही काम थांबवायचो. ऊन जिन्यावर थेट पोचतं ते तेवढ्याच वेळापुरतं, एरवी नुसता परावर्तित उजेड. खालच्या टप्प्यावर बसलं की गारवा हळूहळू अंगात उतरायचा. वर कुणी बोललं तर आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. हे सगळं कागदावर कसं आणायचं ते मला उमगत नव्हतं. सरांनी सेक्शनच्या, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्राच्या, खाली एक आडवी पट्टी काढायला सांगितली आणि त्यात प्रत्येक टप्प्यावर वाचता येण्याजोगा उजेड आहे का, आवाज कुठवर येतो, भिंतीला हात लावल्यावर काय वाटतं, एवढंच लिहायचं. शीट तपासणाऱ्यांपैकी एकांनी ती पट्टी अनावश्यक ठरवली. मी अजूनही ती काढते.

सेक्शनबद्दलही मला तिथेच काहीतरी उलगडलं. वावेला बाहेरून दर्शनी बाजूच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसत नाही, जमिनीच्या पातळीत कठडे तेवढे दिसतात. त्यामुळे तिचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे लांबीतून कापलेला सेक्शन. एका नजरेत पाचही मजले, सगळे खांब, तळाचं पाणी. पण हे दृश्य आजवर कुणीही पाहिलेलं नाही. पाणी भरायला येणाऱ्या बाईनं नाही, बांधणाऱ्या गवंड्यानंही नाही. त्यांना दिसला तो एकेक टप्पा, मान वळवत, पाय सांभाळत. सेक्शन काढताना आपण सगळं एकदम पाहतो, उतरणाऱ्याला ते तुकड्यातुकड्यानं मिळतं. त्या दोहोंमधलं अंतर किती, हे कळायला उतरावंच लागतं.

आठव्या दिवशी अहमदाबादला आलो. मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत फक्त दुपार काढली, पण एकाच कामासाठी. आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएनं १९५४ मध्ये पुऱ्या केलेल्या या इमारतीच्या पश्चिमेला काँक्रीटच्या उभ्या पाती आहेत, त्या भिंतीला तिरक्या लावलेल्या. पूर्वेला, साबरमतीच्या बाजूला, त्या सरळ आहेत. आम्ही दर अर्ध्या तासानं पश्चिमेच्या पातींमधली सावली वहीत काढत गेलो. उतरतं ऊन पातींवर अडकलेलं दिसत होतं, आणि त्याच वेळी पातींमधून येणारा वारा चेहऱ्याला लागत होता. मग आयआयएम. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यानं १९६२ पासून केलेलं काम. तिथल्या विटांच्या चपट्या कमानीखाली काँक्रीटची एक आडवी तुळई असते. तिला मी आजवरच्या सगळ्या शीटवर वजन पेलणारी तुळई म्हणून रंगवलं होतं. समोर उभं राहून काढायला घेतलं तेव्हा दिसलं की कमानीची दोन्ही टोकं बाहेर पसरू पाहतायत आणि ही तुळई त्यांना धरून ठेवतेय. धनुष्य आणि दोरी. अडालजला तुळई भिंतींना लांब ठेवत होती, इथे टोकांना जवळ. एका आठवड्यात दोन्ही पाहिलं म्हणून ते मनात जोडीनं बसलं.

त्यानंतर डिग्री, नोकरी, साइट. प्रवास म्हणजे साइटवर जाणं एवढाच उरला. मधल्या काळात वाचत मात्र होते, आणि वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. जे आर्किटेक्ट प्रवासानं बदलले ते तिथे मोजत होते किंवा चित्र काढत बसले होते. पंधराव्या शतकातला इटालियन आर्किटेक्ट ब्रुनेलेस्की रोमच्या पडक्या इमारती मोजत हिंडला, असं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. फ्रान्समध्ये १७२० पासून आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना स्पर्धेतून रोमला पाठवत, आणि निवडलेल्यांनी तिथून मोजून काढलेली चित्रं मायदेशी पाठवायची, अशी अटच होती. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली. मला सगळ्यात जवळचा वाटला तो इंग्लिश आर्किटेक्ट इनिगो जोन्स. १६१३-१४ मध्ये तो इटलीत फिरला तेव्हा इटालियन आर्किटेक्ट पल्लाडिओचा, १५७० साली पहिल्यांदा छापलेला वास्तुग्रंथ त्याच्या हातात होता. इमारतीसमोर उभं राहून तो छापील आकृती ताडून बघायचा आणि समासात लिहायचा. त्याच्या नोंदींची ती प्रत ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात अजून जपून ठेवलेली आहे. पुस्तक बरोबर घेऊन जायचं, पण त्यावर विसंबून राहायचं नाही, हे मला पटलं.

म्हणून रोमला जायचं ठरलं तेव्हा मी पँथिऑनच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन घुमटाच्या देवळाच्या, सेक्शनची प्रत बरोबर घेतली. हा सेक्शन मी परीक्षेत तीनदा काढला होता. व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल मावतो. घुमटाला आतून खणांच्या, म्हणजे चौकोनी खोलगट कप्प्यांच्या, पाच ओळी, प्रत्येक ओळीत २८ खण. माथ्यावर उघडं वर्तुळ. लोखंडाशिवायचं काँक्रीट, वर जाताना हलकं होत जाणारं. सगळं पाठ. दहा दिवसांच्या प्रवासातले तीन मी या एकाच इमारतीला दिले. बरोबरच्या मैत्रिणीनं त्या तीन दिवसांत बरंच रोम पाहून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पहिला दिवस सरांच्या नियमाप्रमाणे. वही बंद. गल्लीतून चौकात आलं की इमारत अचानक समोर उभी राहते, आणि ती थोडी खचून बसल्यासारखी वाटते. कारण नंतर कळलं, भोवतालची जमीन शतकानुशतकं वर येत गेलीय. मूळची पायऱ्यांवरून चढून जायची इमारत आता जवळजवळ रस्त्याच्या पातळीला आलीय. छापील सेक्शनमध्ये जमीन ही एक सरळ रेषा असते. ती रेषा कुठल्या काळातली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावलं. माझं पाऊल ६२ सेंटिमीटरचं, हे मला अडालजपासून माहीत आहे. सरांनी आम्हाला वीस मीटर चालायला लावून प्रत्येकाचं पाऊल काढून दिलं होतं. माणसं चुकवत मी दारापासून समोरच्या टोकाकडे चालले. मध्यापर्यंत पस्तीस, पुढे पुन्हा पस्तीस. ४३.३ हा आकडा पहिल्यांदा पायांत उतरला. चालता चालता आणखी काही जाणवलं. मध्याकडे जाताना किंचित चढ आणि नंतर किंचित उतार. फरशी सपाट नाही, मधे हलकीशी फुगवलेली आहे. माथ्यावरून येणारं पावसाचं पाणी कडेला वाहून जावं म्हणून. फरशीत पाणी जायला बारीक भोकंही आहेत. माझ्या तिन्ही परीक्षांतली फरशी पट्टीनं मारलेली सरळ रेघ होती.

तिसरा दिवस उजेडाचा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. दार उत्तरेला, त्यामुळे माथ्यातून आलेला उजेडाचा गोल दुपारी दाराच्या वरच्या अंगाला पडतो. तो जमिनीवर येत नव्हता, घुमटाच्या खालच्या खणांवर रेंगाळत होता. मी भिंतीशी बसून वहीत खण आखले आणि गोलाची कड कुठल्या खणावर आहे त्याची वेळ लिहीत गेले. दुपारी एकच्या आसपास एक खण ओलांडायला त्याला चाळीसेक मिनिटं लागली. तीनशेसाठ भागिले अठ्ठावीस म्हणजे जवळपास तेरा अंश. बसल्या बसल्या मी ते सूर्याच्या सरकण्याशी ताडून पाहिलं आणि जमलं. २८ हा आकडा कंपासनं विभागायला किती त्रासाचा आहे हे काढणाऱ्यालाच माहीत. मी आजवर त्याच्यावर चिडत आले होते. त्या दिवशी त्या खणांवरून उजेड सरकताना पाहिला आणि प्रत्येक खणाच्या आतल्या पायऱ्या एकेक करून उजळताना दिसल्या. खणाच्या कडा खोल का कापल्यात, त्याचं एक कारण तरी डोळ्यांसमोर होतं.

निघताना मी इमारतीच्या मागच्या बाजूला फिरले. तिथे फारसं कुणी जात नाही. बाहेरची भिंत विटांची आहे आणि त्या विटांत मोठमोठ्या कमानी भरून टाकलेल्या दिसतात. त्या उघड्या नाहीत, त्यांतून कुणी जात नाही. वरचं वजन बाजूच्या भरीव भागांकडे वळवायचं एवढंच त्यांचं काम. मी तिथे उभी असताना मला अहमदाबादच्या विटांच्या कमानी आठवल्या. लुई कान १९५०-५१ मध्ये रोमच्या अमेरिकन अकादमीत राहिला होता, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तिथून ग्रीस-इजिप्तला जाऊन पेस्टलनं चित्रं काढत होता. त्याची आज ओळखली जाणारी बहुतेक कामं त्या प्रवासानंतरची आहेत. या भिंतीसमोर तो उभा राहिला असेल, असं मला फार मनापासून वाटलं. शिकण्यासाठी प्रवास विद्यार्थीदशेतच उरकायचा असतो, ही माझी समजूत तिथे मोडली. मी तेव्हा छत्तिशीची होते.

या प्रवासांचं कामात काय झालं, असं विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखी एक वही आहे. तिच्यात इमारतींची नावं कमी, मापं जास्त. आपण होऊन बसावंसं वाटलं अशा ओट्यांची उंची. टेकावंसं वाटलेल्या कठड्यांची उंची आणि रुंदी. दोन माणसं बोलत थांबली होती त्या जिन्याच्या टप्प्याची लांबी-रुंदी. शेजारी तारीख, वेळ, ऊन होतं की सावली. बसावंसं वाटलेल्या ओट्यांच्या पानावर बहुतेक आकडे ३८ ते ४५ सेंटिमीटरमध्ये आहेत. पुस्तकातही साधारण हेच आहे, पण पुस्तकात ती वेळ आणि सावली नसते. एकाच ओट्यावर सकाळी माणसं होती आणि दुपारी कुणी नव्हतं, असंही त्याच पानावर आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेचं काम करताना तिचा उपयोग झाला. नियमाप्रमाणे जिन्याचा टप्पा जिन्याइतका रुंद असला की पुरतं. पण तीन वर्गांची मुलं सुट्टीत त्या एका टप्प्यावर येणार होती. अडालजचा चबुतरा, जिथे तीन जिने एकत्र येतात, माझ्या डोक्यात होता. तिथे लोक उतरायचं सोडून थांबतात, वर बघतात, मग पुढे जातात. मी टप्पा दुप्पट मोठा दाखवला, कडेला ओटा आणि वर उजेडासाठी मोकळीक. संस्थेच्या लोकांना ती जागा वाया गेलेली वाटली. नकाशावर समजावून उपयोग झाला नाही. मग मैदानावर फक्कीनं दोन्ही टप्पे खऱ्या मापात आखले आणि वीस मुलांना दोन्हीत उभं केलं. लहान टप्प्यात मुलं एकमेकांना ढकलू लागली. पुढे चर्चा झाली नाही. शाळा सुरू झाल्यावर मी एकदा सुट्टीच्या वेळी मुद्दाम गेले. ओट्यावर सात मुलं बसली होती, दोघं पुस्तक उघडून.

आता मोजणीची साधनं बदललीत. आमच्या ऑफिसात लेसरचं मीटर आहे, आणि स्कॅनरनं अख्खी इमारत एका दिवसात लाखो बिंदूंत उतरवता येते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मी तो आनंदानं वापरते, त्याची अचूकता सुतळी आणि नळीला कधीच येणार नाही. पण नव्यानं लागलेल्या मुलांना मी आधी टेप देते. स्कॅनर सगळंच मोजतो, त्यामुळे काय मोजायचं हे ठरवावं लागत नाही. टेप हातात असली की ते ठरवावं लागतं. तुळई भिंतीत घुसलीय का, हा प्रश्न मला टेपच्या टोकानं विचारायला लावला होता.

गेल्या थंडीत ऑफिसातल्या तिघांना घेऊन मी अडालजला गेले. चार दिवस, एकच जागा. पहिल्या रात्री खोलीवर कागद वाटले. तिघांचे तीन प्लॅन आले. एकीनं तिन्ही जिने बरोबर काढले होते आणि मला फार आनंद झाला. दुसऱ्यानं चबुतऱ्याच्या पुढचं सगळं रिकामं सोडलं होतं. म्हणाला, "तिथपर्यंत गेलो, पण वर बघत राहिलो, पुढचं आठवत नाही." मी त्याला ते तसंच राहू दे म्हटलं आणि कागदावर तारीख घालायला लावली.

माझ्याजवळ विद्यार्थी असतानाच्या शीटच्या प्रती होत्या. सकाळी आम्ही त्या चबुतऱ्यावर पसरल्या आणि ताडून बघायला सुरुवात केली. पूर्वेकडच्या जिन्यावर पायऱ्यांची संख्या आमच्या शीटमध्ये एकानं कमी निघाली. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी शीटच्या समासात पेन्सिलनं दुरुस्ती लिहिली, खाली त्या मुलीचं नाव लिहिलं, आणि आम्ही पश्चिमेकडचा जिना वरच्या पायरीपासून मोजायला घेतला.